सजावट कुणाची, पुस्तक कुणाचं: ‘त्रे रिश अर’च्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. युरोपातल्या मध्ययुगीन सचित्र हस्तलिखितांवर एवढा पैसा आणि एवढी वर्षं खर्चून सजावट कशासाठी करत? असं पुस्तक पुढे कुणाकुणाच्या हातून गेलं हे अभ्यासक कशावरून ठरवतात? आणि पुरवणी म्हणून विचारलंय की इंटरनेटवरच्या लिलावात अशा पुस्तकांची सुटी पानं विकायला येतात, ती घ्यावीत का?

हस्तलिखितांच्या सूची करणं आणि त्यांची निगा राखणं हेच माझं रोजचं काम असल्यामुळे उत्तर लांबणार आहे. पहिले दोन प्रश्न मी वेगळे करणार नाही, कारण सजावट हीच मालकीची पहिली नोंद असते. पुस्तक कुणासाठी केलं, त्याची ऐपत किती, त्याला स्वतःला कसं दिसायचं होतं, हे सगळं रंगात आणि सोन्यात आधी लिहिलं जातं. नंतरचा प्रत्येक मालक त्यात भर घालतो, काही खोडतो, काही झाकतो. चित्रांचा इतिहास एकीकडे आणि मालकांची यादी दुसरीकडे, असं करायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात.

उदाहरण म्हणून एकच पुस्तक घेते: फ्रान्समध्ये शाँतिली इथल्या काँदे संग्रहालयातलं ‘त्रे रिश अर’ (म्हणजे ‘अतिशय समृद्ध प्रार्थनापुस्तक’), हस्तलिखित क्रमांक ६५. हे ‘बुक ऑफ अवर्स’ आहे, म्हणजे गृहस्थाश्रमातल्या माणसाने दिवसाच्या ठरावीक प्रहरांना म्हणायच्या लॅटिन प्रार्थनांचं पुस्तक. सुरुवातीला संतांच्या सणांची दिनदर्शिका, मग शुभवर्तमानांतले उतारे, मेरीच्या प्रार्थना, पश्चात्तापाची स्तोत्रं, मृतांसाठीच्या प्रार्थना. चौदाव्या-पंधराव्या शतकात अशी पुस्तकं व्यापाऱ्यांच्या घरातही असत, पण ती साधी. हे पुस्तक केलं गेलं बेरीचा ड्यूक जाँ याच्यासाठी. हा फ्रान्सच्या एका राजाचा मुलगा, दुसऱ्याचा भाऊ आणि तिसऱ्याचा काका. २०६ चर्मपत्री पानं, १३१ लघुचित्रं.

दिनदर्शिकेतलं जानेवारीचं पान जरा जवळून बघा. उजव्या बाजूला निळ्या पोशाखात, डोक्यावर फरची टोपी घातलेला ड्यूक मेजवानीला बसलाय. त्याच्या मागे शेकोटी आहे आणि शेकोटीची धग अडवायला वेताचा गोल आडोसा. तो नेमका डोक्यामागे आल्यामुळे संताच्या प्रभावळीसारखा दिसतो, आणि असल्या चित्रकारांच्या हातून हे चुकून झालं असेल असं मला वाटत नाही. वर लाल रेशमी छत, त्यावर फ्रेंच राजघराण्याची सोनेरी लिलीची फुलं, आणि त्यांच्यात अस्वल आणि जखमी हंस, ही ड्यूकची खास चिन्हं. टेबलावर नावेच्या आकाराची सोन्याची मीठदाणी, तिच्या एका टोकाला अस्वल, दुसऱ्या टोकाला हंस. ड्यूकच्या मालमत्तेच्या याद्या उपलब्ध आहेत आणि त्यांत अशी मीठदाणी नोंदलेली आहे. ताटांच्या मधून दोन छोटी कुत्री फिरताहेत. ड्यूकच्या मागे उभ्या असलेल्या दरबाऱ्याच्या डोक्यावर सोन्याच्या अक्षरांत ‘आप्रोश, आप्रोश’ लिहिलंय, म्हणजे ‘या, जवळ या’. नववर्षाच्या भेटी द्यायला आलेल्यांना पुढे बोलावलं जातंय.

आता या पानावरून सगळं धार्मिक काढून टाकून बघा, काय उरतं? जवळजवळ सगळं उरतं. प्रार्थनेच्या पुस्तकाचं हे पहिलं मोठं चित्र आणि त्यात माणूस स्वतःचं घर, स्वतःची भांडी, स्वतःची चिन्हं पाहतोय. सजावट कशासाठी, याचं एक उत्तर इथेच मिळतं. भक्ती होती, ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. देवाचं काम उत्तमात उत्तम वस्तूंनी करावं ही भावना तेव्हा खरीच होती. पण हे पुस्तक उघडून चार माणसांना दाखवायचं होतं, आणि दाखवताना दाखवणाराही दिसायला हवा होता.

खर्चाचं कारण समजण्यासाठी पुस्तक कसं बनायचं ते थोडं सांगते. वासराचं किंवा मेंढराचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, चौकटीवर ताणून अर्धचंद्राकृती सुरीने खरवडत पातळ करायचं. मग पानं कापून, दुमडून जुड्या करायच्या आणि ओळी आखायच्या. मजकूर आधी लिहिला जाई. लेखनिक चित्रांसाठी आणि आद्याक्षरांसाठी जागा सोडे, आणि तिथे कुठलं अक्षर यायचं ते बारीक अक्षरात लिहून ठेवे. कधी समासात चित्रकारासाठी सूचनाही असत. पुढे बांधणीवाल्यांनी कडा कापल्या की या सूचना गेल्या, पण जिथे त्या वाचल्या आहेत तिथे सूचीकाराला घबाड मिळाल्यासारखं होतं.

चित्रात आधी सोनं. बारीक प्लास्टर, सफेदा, सरस आणि थोडी साखर असं मिश्रण जिथे सोनं हवं तिथे थोडं उंच लावायचं आणि वाळू द्यायचं. साखरेमुळे ते हवेतला ओलावा धरतं. त्यावर नळीतून किंवा तोंडाने हळूच वाफ सोडली की ते क्षणभर चिकट होतं, त्या क्षणात सोन्याचा वर्ख टेकवायचा, आणि मग अकीकाच्या घोटणीने किंवा कुत्र्याच्या सुळ्याने घोटून आरशासारखं चकचकीत करायचं. सोनं आधी करण्याचं कारण साधं आहे: घोटताना शेजारचा रंग खरवडला जातो, आणि उडालेला वर्ख ओल्या रंगाला चिकटून बसतो. रंग नंतर. आपल्याकडच्या पोथ्या रंगवणाऱ्यांना यातले बहुतेक ओळखीचे वाटतील: हिंगूळ, शेंदूर, हरताळ, काव, जंगाल. जंगाल हा हिरवा रंग तांब्यापासून करतात आणि काही शतकांनी तो चर्मपत्र खाऊ लागतो. हिरवळीच्या जागी भोक पडलेली पानं मी पाहिली आहेत.

सगळ्यात महाग निळा. ‘त्रे रिश अर’चं आकाश ज्या निळ्याने भरलंय तो लाजवर्द दगडाचा, आणि हा दगड तेव्हा युरोपात येत असे तो अफगाणिस्तानातल्या बदखशानहून. त्याच मुलखातला लाजवर्द त्याआधी जवळजवळ हजार वर्षं अजिंठ्याच्या भिंतींवर लागला होता. दगड कुटून नुसती पूड केली तर राखाडी निळं मिळतं. खरा रंग मेण-राळेच्या गोळ्यात पूड मळून, ती पुन्हा पुन्हा धुऊन काढावी लागते. कॅलेंडरच्या प्रत्येक चित्राच्या वर जी अर्धवर्तुळाकार कमान आहे, तिच्यात या निळ्याचा अक्षरशः समुद्र आहे. एवढा लाजवर्द ज्याला परवडला त्याने आपली ऐपत पहिल्या पानापासून नोंदवूनच ठेवली.

ही ऐपत आली कुठून, हेही सांगायला हवं. ड्यूक बरीच वर्षं दक्षिण फ्रान्समधल्या लाँगदॉक प्रांताचा कारभारी होता आणि त्याच्या करांनी तिथली माणसं इतकी पिळली गेली की बंडं झाली. शेवटी १३८९ च्या सुमारास त्याच्या पुतण्याने, राजा सहाव्या शार्लने, त्याला तिथून हटवलं. फेब्रुवारीच्या पानावर बर्फात, झोपडीत शेकत बसलेली शेतकरी माणसं आहेत. चित्र अप्रतिम आहे, आणि मला ते फार आवडतं. पण त्या निळ्या रंगाचे पैसे अशाच झोपड्यांतून गोळा झाले होते हे पाहताना मनातून जात नाही.

चित्रकार तीन भाऊ होते: पॉल, हेर्मान आणि योहान. त्यांना लिंबर्ग बंधू म्हणतात. गाव नायमेखन, आजच्या नेदरलँड्समधलं. त्यांचा मामा बर्गंडीच्या दरबारात चित्रकार होता. दोघे भाऊ लहानपणी पॅरिसमध्ये सोनाराकडे उमेदवारी करत होते, आणि त्यांच्या चित्रांतला दागिना, भांडी, काठ पाहिले की ते शिक्षण कुठे लागलं हे कळतं. बेरीच्या ड्यूकशी त्यांचं नातं नोकर-मालकापेक्षा मोकळं असावं. १४११ च्या नववर्षाला त्यांनी ड्यूकला एक पुस्तक भेट दिलं: पांढरं मखमली वेष्टन, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या कड्या. उघडायला गेलं तर आत एकही पान नाही, नुसता लाकडाचा ठोकळा पुस्तकासारखा रंगवलेला. ही थट्टा आपल्याला ठाऊक आहे ती ड्यूकच्या वस्तुपालाने, रोबिने देतांपने, मालमत्तेच्या यादीत तिची व्यवस्थित नोंद केली म्हणून. पुस्तकप्रेमी माणसाची अशी गंमत त्याच्याच पदरचे कलावंत करू शकतात, यापेक्षा जवळीक ती काय असणार?

त्याच सुमारास ‘त्रे रिश अर’ला सुरुवात झाली. आणि १४१६ साली सगळं थांबलं. १५ जून १४१६ ला ड्यूक पॅरिसमध्ये वारला, कर्ज मागे ठेवून. त्याच वर्षात तिन्ही भाऊही गेले. तिघे तरुण भाऊ एकाच वर्षी जातात तेव्हा साथीचाच संशय येतो. पुस्तक अर्धं राहिलं, बांधलंही गेलं नव्हतं.

इथे मालकीच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा कागद येतो. ड्यूकच्या मृत्यूनंतर केलेल्या यादीत एक नोंद आहे: एका पेटीत ‘पॉल आणि त्याचे भाऊ करत होते’ त्या अतिशय समृद्ध प्रार्थनापुस्तकाच्या जुड्या, किंमत ५०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन). या ओळीत चित्रकाराचं नाव आहे, काम अपुरं असल्याची साक्ष आहे, पुस्तक सुट्या जुड्यांत होतं हे आहे आणि किंमतही. पुस्तकाला आज जे नाव आहे तेही याच नोंदीतून आलंय. ड्यूकच्या बांधून झालेल्या बऱ्याच पुस्तकांवर त्याचा चिटणीस जाँ फ्लामेल मोठ्या वेलांटीदार अक्षरांत ‘हे पुस्तक बेरीच्या ड्यूकचं’ असं लिहीत असे. इथे तो पुरावा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून ही यादीतली ओळ नसती तर लिंबर्ग बंधूंचं नाव या चित्रांशी कधी जोडता आलं असतं का, याची मला शंकाच आहे.

वस्तुपाल देतांपचीच आणखी एक गोष्ट सांगते, कारण तिच्यातून अपुऱ्या पुस्तकांचं काय होतं ते दिसतं. ड्यूकच्या दुसऱ्या एका अपुऱ्या प्रार्थनापुस्तकाचे भाग त्याच्याकडे आले, आणि त्याने सजावट झालेला भाग स्वतःकडे ठेवून उरलेला वेगळा केला. वेगळा झालेला भाग पुढे नव्या मालकांनी नव्या चित्रकारांकडून पुरा करून घेतला. त्यांतली काही पानं प्रसिद्ध चित्रकार यान व्हान आइकची असावीत असं अनेक अभ्यासक मानतात. या भागाचे पुन्हा तुकडे झाले आणि एक मोठा तुकडा तुरीनच्या ग्रंथालयात पोचला. जानेवारी १९०४ च्या आगीत तो जळून गेला. सुदैवाने फ्रेंच अभ्यासक पॉल द्युरियू याने १९०२ मध्ये त्याची छायाचित्रं छापली होती, म्हणून निदान काळ्या-पांढऱ्यात ती पानं उरली. बाकीचे भाग आज मुख्यतः पॅरिस आणि तुरीनमध्ये आहेत. एका माणसाने घरच्या घरी केलेली वाटणी आणि तिचे परिणाम पाचशे वर्षांनी.

‘त्रे रिश अर’च्या जुड्या फुटल्या नाहीत. १४१६ नंतरच्या काही दशकांत त्या नेमक्या कुणाकडे होत्या याचा कागद नाही, पण चित्रंच बोलतात. ऑक्टोबरच्या पानावर पॅरिसचा लूव्र राजवाडा दिसतो आणि अलीकडे पेरणी चालली आहे. नदीकाठच्या माणसांचे कपडे बघा: ते १४१६ चे नाहीत, शतकाच्या मध्याकडचे आहेत. शिवाय या पानावर माणसांच्या पायाशी सावल्या पडल्या आहेत आणि होड्यांची पाण्यात प्रतिबिंबं आहेत. लिंबर्ग बंधूंच्या बाकीच्या महिन्यांत अशा सावल्या मिळत नाहीत. यावरून १४४० च्या दशकात दुसऱ्या कसबी चित्रकाराने काही पानं पुढे नेली असा निष्कर्ष निघाला. तो बार्तेलमी द’आइक असावा असं आज बरेच जण मानतात. मला स्वतःला कपड्यांचा पुरावा चित्रशैलीच्या पुराव्यापेक्षा जास्त पटतो. शैलीवर वाद घालता येतो. बाहीचा काप कोणत्या साली आला यावर तेवढा घालता येत नाही.

तिसरा टप्पा मात्र स्वच्छ आहे. पुस्तकाच्या ७५ व्या पानावर यातना भोगलेला ख्रिस्त आहे, आणि त्याच्या दोन बाजूंना गुडघे टेकलेलं जोडपं: सव्हॉयचा ड्यूक पहिला शार्ल आणि त्याची बायको ब्लांश, खाली त्यांची कुलचिन्हं. या दोघांचं लग्न झालं १४८५ मध्ये आणि शार्ल वारला १४९० मध्ये. म्हणजे हे पान त्या पाच वर्षांतलं. कागदपत्रांनी दुजोरा दिलाच आहे, पण कागद नसते तरी एवढं चित्रावरून ठरलं असतं. चित्रकार होता बूर्झचा जाँ कोलोंब. सव्हॉयचं घराणं बेरीच्या ड्यूकच्या मुलीच्या, बॉनच्या, वंशातलं. तेव्हा पुस्तक नात्यातूनच तिकडे गेलं असं मानायला जागा आहे.

कोलोंबने नोव्हेंबरचं पान भरलं. वरची निळी कमान, राशींसकट, लिंबर्ग बंधूंची तयार होती आणि खालची चौकट रिकामी. त्याने तिथे ओकचं रान काढलं, अंगरखा घातलेला डुक्करवाला काठी भिरकावून ओकफळं पाडतोय आणि डुकरं ती खाताहेत. एकाच पानावर दोन पिढ्यांचं अंतर असलेले दोन हात. वरचा निळा थंड आणि खोल, खालचे रंग जड, तपकिरीकडे झुकलेले, सोन्याच्या रेषांनी उजळलेले. कोलोंबला पुस्तकांत बरीच बोलणी बसली आहेत. मला ती अन्यायाची वाटतात. दुसऱ्याचं अपुरं काम पुरं करणं, आणि तेही आपल्याहून सरस हाताचं, हे कठीण काम आहे, आणि त्याने ते न लाजता, स्वतःच्या पद्धतीने केलं.

पुढची साखळी भराभर सांगते. सव्हॉयच्या घरात लग्न होऊन आलेली आणि विधवा झालेली ऑस्ट्रियाची मार्गारेट नेदरलँड्सची कारभारीण झाली. पुस्तक तिच्याबरोबर तिकडे गेलं असं मानतात. ती १५३० मध्ये वारली. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ मोठी पोकळी. मग अठराव्या शतकातली लाल चामड्याची बांधणी. तिच्यावर जिनोव्हाच्या स्पिनोला घराण्याचं कुलचिन्ह होतं आणि त्यावर नंतर सेरा घराण्याचं बसवलेलं. नव्या मालकाने जुन्याचं चिन्ह झाकलं. पण झाकणंही पुरावाच असतं: दोन मालक आणि त्यांचा क्रम, दोन्ही मिळतात.

डिसेंबर १८५५ मध्ये जिनोव्हाजवळ हे पुस्तक पाहिलं आँरी दॉर्लेआँने, म्हणजे ओमालच्या ड्यूकने. हा फ्रान्सचा राजा लुई फिलिपचा मुलगा, १८४८ च्या क्रांतीनंतर इंग्लंडमध्ये परागंदा. पुस्तकाचा सुगावा त्याला ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथपाल पानिझी यांनी दिला होता. जानेवारी १८५६ मध्ये तुरीनच्या मार्गेरिता नावाच्या बॅरनकडून त्याने ते १८,००० फ्रँकला घेतलं. परागंदा राजपुत्राला आपल्या घराण्याच्या फ्रान्सचं हे पुस्तक का हवं होतं हे वेगळं सांगायला नको. पुढे मायदेशी परत आल्यावर त्याने शाँतिलीचा वाडा पुन्हा उभारला आणि सगळा संग्रह वाड्यासकट फ्रान्सच्या ‘अँस्तित्यू’ या विद्वत्संस्थेला देऊन टाकला. त्यातली एक अट कडक: इथली वस्तू बाहेर उसनी जायची नाही. त्यामुळे १८९७ मध्ये ड्यूक वारल्यावरही पुस्तकाने शाँतिली सोडली नाही.

आणि हे पुस्तक १४१६ च्या यादीतलंच, हे कुणी जोडलं? लेओपोल देलील या ग्रंथपालाने, १८८४ मध्ये. बेरीच्या ड्यूकच्या पुस्तकांच्या जुन्या याद्या आणि समोरचं हस्तलिखित शेजारी ठेवून. तोवर पुस्तक होतं, यादीही होती, पण दोघांची गाठ पडली नव्हती. आमच्या धंद्यातलं निम्मं काम हेच असतं.

राजघराण्यातलं पुस्तक नसेल, कुलचिन्ह नसेल, तेव्हा काय करतात? तेव्हा छोट्या खुणा. दिनदर्शिकेत कुठल्या संताचं नाव सोन्याने किंवा लाल शाईने लिहिलंय ते बघतात. पॅरिसला जनेव्हिएव्ह मोठी, दुसऱ्या गावाला दुसराच कुणी. मेरीच्या प्रार्थनांचे काही ठरावीक तुकडे गावोगाव वेगळे असत, त्यांवरून पुस्तक पॅरिसच्या रिवाजाचं की रुआँच्या हे कळतं. एक लॅटिन प्रार्थना आहे, तिच्यात प्रार्थना करणारा स्वतःला ‘तुझा दास’ म्हणतो. ते रूप स्त्रीलिंगी असेल तर पुस्तक बहुधा बाईसाठी केलेलं. कोऱ्या पानांवर लोक मुलांच्या जन्मतारखा लिहीत, आपल्याकडे पोथीच्या शेवटी किंवा पंचांगात लिहीत तशाच. खोडलेली नावं अतिनील प्रकाशात वाचता येतात, कारण जुन्या शाईतलं लोह चर्मपत्रात उतरलेलं असतं. आणि मध्ययुगीन ग्रंथपाल यादीत पुस्तकाच्या दुसऱ्या पानाचे पहिले शब्द लिहून ठेवत. हाताने लिहिलेल्या दोन प्रतींत दुसरं पान एकाच शब्दाने सुरू होणं जवळजवळ अशक्य, म्हणून हे शब्द जुळले की ओळख पटलीच.

काही पुस्तकं स्वतःच सगळं सांगून मोकळी होतात. ब्रिटिश लायब्ररीतलं ‘बेडफर्ड अवर्स’ पॅरिसमध्ये तयार झालं. त्यात ड्यूक ऑफ बेडफर्ड आणि त्याची बायको ॲन यांची चित्रं आहेत, आणि २४ डिसेंबर १४३० ला ते इंग्लंडच्या नऊ वर्षांच्या सहाव्या हेन्री राजाला भेट दिल्याची नोंद पुस्तकातच केलेली आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जाँ प्यूसेलने फ्रान्सची राणी जान देव्ह्रो हिच्यासाठी १३२४ ते १३२८ च्या दरम्यान रंगवलेलं तळहाताएवढं पुस्तक आहे, बहुतेक राखाडी छटांत, समासांत शेकडो चिमुकली माणसं आणि प्राणी. राणीने मृत्युपत्राने ते राजाला दिलं, पुढे ते बेरीच्या ड्यूककडे आलं आणि त्याच्या यादीत चित्रकार प्यूसेलच्या नावासकट नोंदलं गेलं. विसाव्या शतकात ते पॅरिसच्या रॉथ्सचाइल्ड कुटुंबाकडे होतं. नाझींनी ते लुटलं, युद्धानंतर ते परत मिळालं, आणि १९५४ मध्ये संग्रहालयाने विकत घेतलं. १९३३ ते १९४५ या काळात पुस्तक कुठे होतं, हा प्रश्न आज कुठलंही जबाबदार संग्रहालय पहिल्यांदा विचारतं तो अशा इतिहासामुळे.

मुंबईकरांनी यासाठी फार लांब जायला नको. एशियाटिक सोसायटीकडे दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चं सजवलेलं हस्तलिखित आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दिलेलं. मुसोलिनीने त्यासाठी मोठी रक्कम देऊ केली आणि सोसायटीने ती नाकारली, ही गोष्ट टाउन हॉलच्या पायऱ्यांवर सगळ्यांना ठाऊक असते. गोष्टी जरूर सांगाव्यात. सूचीत मात्र गोष्ट वेगळ्या ओळीत आणि कागदाचा पुरावा वेगळ्या ओळीत लिहायचा असतो.

आता सुट्या पानांबद्दल. ही पानं सुटी का झाली ते आधी समजून घ्या. नेपोलियनच्या युद्धांत चर्च आणि मठांची ग्रंथालयं उधळली गेली. चेलोत्ती नावाच्या इटालियन धर्मगुरूने अशा पुस्तकांतून, त्यांत सिस्टिन चॅपेलची गायनपुस्तकंही होती, चित्रं कापून १८२५ मध्ये लंडनला लिलावात विकली. कापलेलं चित्र चौकटीत बसवून भिंतीवर लावण्याची टूम निघाली. जॉन रस्किनसारखा कलेचा एवढा मोठा जाणकार, त्यानेही १८५४ च्या डायरीत संध्याकाळी प्रार्थनापुस्तक कापत बसल्याची नोंद केली आहे. विसाव्या शतकात अमेरिकेत ऑटो एगी नावाच्या कलाशिक्षकाने पुस्तकं सोडवून त्यांची पानं संच करून विकली. सामान्य माणसाच्याही हातात खरं मध्ययुगीन पान यावं, असं त्याचं म्हणणं. हेतू चांगला असेल, पण जे झालं ते नुकसानच. बोव्हेच्या कॅथीड्रलचं एक प्रार्थनापुस्तक १९४० च्या दशकात याच रीतीने फोडलं गेलं. आज अभ्यासक त्याची पानं जगभरातून शोधून संगणकावर पुन्हा जुळवताहेत. शंभराहून जास्त सापडली आहेत आणि तरी पुस्तक अर्धंही झालेलं नाही.

पान सुटं झालं की सुंदर चित्र उरतं आणि बाकी सगळं जातं. दिनदर्शिका एका देशात, जन्मतारखांचं पान दुसऱ्या, बांधणी कचऱ्यात. वर मी ज्या खुणा सांगितल्या त्यांतली एकही सुट्या पानावर पुरी मिळत नाही. म्हणून माझं उत्तर असं: अलीकडे फोडलेल्या पुस्तकाचं पान कधीही घेऊ नका. तुमच्या पैशांवरच पुढचं पुस्तक फुटतं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी सुटं झालेलं पान असेल आणि विक्रेता त्याची मालकी लेखी देत असेल, म्हणजे कुठल्या लिलावात, कोणत्या साली, कोणत्या क्रमांकाने विकलं गेलं हे सगळं, तर विचार करायला हरकत नाही. ‘एका युरोपीय खासगी संग्रहातून’ एवढंच लिहिलेलं असेल तर सोडून द्या. घेतलंच तर पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, मोजमाप आणि ओळींची संख्या ‘फ्रागमेंटारियुम’सारख्या खुल्या प्रकल्पांना कळवा, म्हणजे पानाचं भावंड कुणाकडे असेल तर गाठ पडेल. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले आकडे खोडू नका. ते घाण दिसतात, पण बहुतेकदा तेच विक्रेत्याचे किंवा लिलावाचे क्रमांक असतात.

भारतातल्या पोथ्यांच्या पानांना हाच नियम आणखी कडक लावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाचं हस्तलिखित ही पुरावस्तू आहे आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. जैन कल्पसूत्राची किंवा भागवताची सचित्र पानं परदेशी संकेतस्थळांवर दिसतात, त्यांच्या विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारा: हे भारताबाहेर कधी आणि कुणी नेलं? घरात आजोबांची पोथी असेल तर फडकं सोडून पानं मोजा, सगळ्या पानांचे फोटो काढा, शेवटी पुष्पिका, म्हणजे लेखकाने केलेली समाप्तीची नोंद, असेल तर तिच्यातला शक आणि लेखकाचं नाव उतरवून घ्या, आणि जवळच्या हस्तलिखित संग्रहाला दाखवा. पुण्यात भांडारकर संस्था आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. चित्राचं एखादं पान चौकटीत लावावंसं वाटेल. तेवढं मात्र करू नका.

‘त्रे रिश अर’ स्वतः बघायचं असेल तर एरवी शाँतिलीला गेलात तरी अस्सल पुस्तक बहुतेक दिसत नाही, ते प्रकाशापासून जपलं जातं. २०२५ च्या उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी दिनदर्शिकेचा भाग बांधणीतून सोडवला होता, तेव्हा तिथल्या प्रदर्शनात ती पानं वेगवेगळी पाहता आली. चांगल्या प्रतिमा ऑनलाइन आहेत. नोव्हेंबरचं पान पूर्ण मोठं करा आणि वरच्या निळ्याची आणि खालच्या रानाची सीमा शोधा.